पगार आठला, हप्ता पाचला: पगारानुसार बजेट मोबाईलवर कसं बसवायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही एमआयडीसीत कंत्राटी कामावर आहात, हातात १९,६०० येतात पण कधी ७ ला, कधी ८ ला, कधी थेट १२ ला. घरच्या ताई आशा सेविका आहेत आणि शिलाईही करतात, चार एकर वावर आहे ते वडील पाहतात. गाडीचा हप्ता ३,१५० दर ५ तारखेला खात्यातून कटतो आणि तो दोनदा बाउन्स झाला, वर वाण्याची उधारी आणि बचत गटाचं कर्ज आहेच. महिन्याचं बजेट बनवून पाहिलं, कागदावर दरवेळी पैसे उरतात अन् खात्यात काहीच नसतं, तं कोणतं ऑनलाइन टूल घ्यावं?

टूलचं उत्तर एका ओळीत होते, गुगल शीट घ्या. फुकट आहे, मोबाईलवर चालते, ताईंच्या मोबाईलवर पण तीच फाईल दिसते. पण मी पगारदारांच्या पतसंस्थेत हिशेब पाहते, कर्जाच्या अर्जाबरोबर लोकांची बँक पासबुकं रोज समोर येतात, त्यावरून सांगते की तुमची अडचण टूलमुळे आलेली नाही, महिन्यामुळे आली आहे. तुम्ही १ तारीख ते ३१ तारीख असं बजेट बनवता आणि तुमचा पगार काही १ तारखेला येत नाही. ५ ऑगस्टचा हप्ता तुम्ही ऑगस्टच्या खर्चात लिहिता, समोर ऑगस्टचा पगार लिहिता, बेरीज वजाबाकी एकदम बरोबर, पण ५ ऑगस्टला खात्यात जे पैसे असतात ते ८ जुलैच्या पगारातले उरलेले असतात नं. ते तोवर संपलेले. मग बाउन्स नाही होणार तं काय होईल.

म्हणून बजेटची सुरुवात पगार खात्यात पडल्याच्या दिवशी आणि शेवट पुढचा पगार पडायच्या आदल्या दिवशी. त्या मधल्या दिवसांत जे जे देणं येते ते सगळं या पगाराचं, मग महिन्याचं नाव काही का असेना.

हे अमेरिकेत लोक फार आधीपासून करतात, कारण तिकडे बऱ्याच जणांना दर दोन आठवड्यांनी पगार मिळतो, म्हणजे वर्षात २६ पगार आणि दोन महिने असे की त्यात तीन-तीन पगार येतात, मग महिन्याचं बजेट तिथे बसतच नाही. त्यांच्या यू नीड अ बजेट, एव्हरीडॉलर अशा ॲपमध्ये पगारानुसार वाटप करायची सोय आहे. कल्पना चांगली आहे, उचला. ॲप मात्र घेऊ नका, पूर्ण सोयींचे पैसे डॉलरमध्ये भरावे लागतात आणि आपल्या बँकांशी ते जोडता येत नाहीत, म्हणजे सगळं हातानंच टाकायचं, तं मग शीट काय वाईट? दुसरं म्हणजे मिंट नावाचं तिकडचं खूप चाललेलं ॲप मार्च २०२४ मध्ये बंदच केलं कंपनीनं, लोकांना वर्षांचा हिशेब घेऊन दुसरीकडे पळावं लागलं. शीट तुमच्या जवळ राहते, कॉपी काढून ठेवता येते.

आपल्याकडची मेसेज वाचून खर्च मोजणारी ॲप पण आहेत. खेड्यात त्यांचा उपयोग अर्धाच होते कारण आपला निम्मा खर्च रोखीत, किराण्याची उधारी वहीत, आणि बारक्या सहकारी बँकेचा मेसेज त्या ॲपला कळेलच याची खात्री नाही. शिवाय त्यातली काही ॲप थोड्या दिवसांनी "पगाराआधी पैसे हवेत का" म्हणून कर्जच दाखवायला लागतात. त्यावर खाली बोलते.

आता शीट. नवीन फाईल उघडली की आधी सेटिंगमध्ये जाऊन लोकेल, म्हणजे देश, भारत करा. हे लय जण सोडून देतात आणि मग ८/७ लिहिलं की शीट त्याला ७ ऑगस्ट समजते, अमेरिकन पद्धतीनं महिना आधी, सगळ्या तारखा उलट्या. आकडे इंग्रजी अंकांतच टाका, मराठी कीबोर्डवरचे अंक टाकून बेरजेत गडबड कशाला. नावं खुशाल मराठीत लिहा, कीबोर्डच्या माईकवर बोललं तरी टाईप होते. फाईलवर "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवा म्हणजे रेंज गेली तरी वावरात बसून एन्ट्री करता येते, रेंज आली की आपोआप चढते.

कॉलम पाचच: तारीख, कशासाठी, किती, कोणत्या पगारातून, दिले की बाकी. यातला चौथा कॉलम हाच सगळा खेळ आहे. त्याला ड्रॉपडाऊन, म्हणजे टिचकी मारली की उघडणारी यादी, लावा, त्यात "जुलैचा पगार", "ऑगस्टचा पगार", "आशा", "शिलाई", "वावर" अशी नावं. म्हणजे प्रत्येक देण्याला विचारायचं की बा तुझे पैसे कोणत्या आवकीतून येणार, आणि उत्तर लिहिल्याशिवाय ती ओळ पूर्ण होत नाही. वरच्या बाजूला प्रत्येक आवकीसाठी तीन आकडे: आले किती, वाटले किती, उरले किती. वाटलेल्याची बेरीज सम-इफ या फॉर्म्युल्यानं होते, तो एकदा कोणाकडून तरी लावून घ्या, कॉम्प्युटर शिकलेला गावातला कोणताही पोरगा पाच मिनिटांत लावून देते. उरले हा आकडा शून्याखाली गेला की लाल दिसेल अशी सोय पण शीटमध्ये आहे.

प्रत्यक्ष करून पाहू. २०२५ चा जुलै घेते. पगार पडला मंगळवारी ८ जुलैला, १९,६००. पुढचा पगार धरला ८ ऑगस्ट. मधल्या दिवसांत काय काय येते? १० जुलैला बचत गटाची बैठक, बचत आणि कर्जाचा हप्ता मिळून १,२००. वाण्याची मागची उधारी ४,२००, ती पगार आला की लगेच द्यायची नाहीतर पुढचा माल देताना तोंड वाकडं. पोराच्या स्कूल व्हॅनचे ९००, लाईट बिल ८५०, दुधाचे १,०५०, बाबांच्या बीपीच्या गोळ्या ६५०, पेट्रोल १,८००, गॅस ९००, दोन मोबाईलचे रिचार्ज ६००. आणि शेवटी ५ ऑगस्टचा गाडीचा हप्ता ३,१५०, तो याच पगारात. आठवडी बाजार रविवारचा धरला तर १३, २०, २७ जुलै आणि ३ ऑगस्ट असे चार बाजार, प्रत्येकी ७०० म्हणजे २,८००. बेरीज करा, १८,१०० होते. उरले १,५००.

आता मजा बघा. पगार ८ ऑगस्टच्या ऐवजी १२ ला आला तं १० ऑगस्टचा पाचवा बाजार पण याच पगारात येऊन पडते, आणखी ७०० गेले. राखी ९ ऑगस्टला होती. पगार ८ ला आला असता तर राखीची साडी-ओवाळणी नव्या पगारातून झाली असती, १२ ला आला तं जुन्या पगारातून. म्हणजे जे १,५०० "उरले" म्हणून तुम्ही मोकळे झाले असते ते उरलेलेच नाहीत. महिन्याच्या बजेटमध्ये ही गोष्ट कधीच दिसत नाही, कारण ऑगस्टचे बाजार ऑगस्टमध्येच मोजलेले असतात.

म्हणून मी लोकांना सांगते की पगाराचे दिवस मोजू नका, बाजार मोजा. या पगारात बाजार किती? चार की पाच? पगाराची तारीख पक्की नसेल तं कायम पाच धरायचे आणि पाचव्याचे पैसे वेगळ्या ओळीत "उशीर झाला तर" म्हणून टाकून द्यायचे. पगार वेळेवर आला तर ती ओळ पुढच्या पगारात सरकवायची. गावातल्या मजुरीवाल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, त्यांची मजुरी बाजाराच्या दिवशी होते, तिथूनच तेल-मीठ-भाजी घेऊन येतात आणि पुढच्या बाजारापर्यंत तेवढ्यातच भागवतात. आपण पगारदार लोकच पोस्टर कॅलेंडरवरचा महिना पाहून हिशेब करतो.

रिचार्जचं पण असंच. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षात १३ रिचार्ज होतात, १२ नाही. त्यामुळे एखाद्या पगारात दोनदा येते आणि आपण म्हणतो या महिन्यात पैसे कुठं गेले. गॅस सिलेंडर तुमच्याकडे दीड महिना जात असेल तं एका पगारात नसते, दुसऱ्यात असते, तरी दर पगारात त्याचा वाटा टाकून ठेवा.

कायद्यानं महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असते. कंत्राटदार १२ तारीख करतो तर चार जणांनी मिळून बोलायला हरकत नाही. पण बजेट त्याच्या भरवशावर बसवू नका. तसंच तुमचं काम हजेरीवर असेल तर दिवाळीच्या महिन्यात खाडे होतात, पगार कमी येते, तं शीटमध्ये गेल्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरून वाटप करा, जास्तीचा आला तर तो वेगळा. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० च्या ऐवजी ३०० कटतो, तेवढे शंभर कमी दिसतील, घाबरू नका. शिक्षक मंडळींचा फेब्रुवारी तं याहून हलका असतो, वर्षाचा उरलेला इन्कम टॅक्स तेव्हाच कापतात, आणि मार्चचा पगार एप्रिलमध्ये रेंगाळते, तर त्यांनी फेब्रुवारी-मार्च मिळून एकच लांब पगार समजावा असं माझं मत.

हप्त्याचं आता. पहिलं काम, गाडीच्या फायनान्स कंपनीच्या ब्रँचमध्ये जाऊन हप्त्याची तारीख बदलून मागा, १५ तारीख. बऱ्याच कंपन्या अर्ज दिल्यावर करून देतात, नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, सही करून द्यावं लागते, मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागू शकते ते विचारून घ्या. तारीख बदलली की निम्मं दुखणं गेलं. नाहीच बदलली तर मग ८ तारखेला पगार पडल्या पडल्या ३,१५० दुसऱ्या खात्यात, ज्याचं एटीएम घरी कपाटात असते अशा खात्यात, आणि हप्ता त्या खात्यातून कटेल असं मँडेट. पगाराच्या खात्यात ते पैसे पडून राहिले तर एखाद्या रात्री कोणाला तरी पाठवून होतातच.

एक गैरसमज अजून आहे लोकांचा, ५ तारीख रविवारी आली की हप्ता सोमवारी कटेल. आधी तसं होतं. १ ऑगस्ट २०२१ पासून ही हप्ता कापायची यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालते, रविवारीही कटू शकतो. पैसे शनिवारीच असू द्या. बाउन्स झाला की तुमची बँक वेगळा चार्ज लावते, फायनान्सवाला वेगळा, वर सिबिल खराब, आणि उद्या आमच्यासारख्या संस्थेत कर्जाला आले की तीच नोंद समोर येते. फायनान्सवाल्यानं दंडावर व्याज आणि व्याजावर दंड असं चढवत नेलं असेल तर कागद मागा, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलं आहे की दंड हा दंड म्हणूनच घ्यायचा, व्याजात घालून फुगवायचा नाही.

पगाराआधी पैसे देणाऱ्या ॲपचं बोलते म्हटलं होतं. तुमच्यासारखा माणूस, ज्याला ३ तारखेला तीन हजार कमी पडतात आणि ८ ला येणार असतात, तोच त्यांचं गिऱ्हाईक. तीन हजार घेतले तं हातात कापून कमी येतात, पगार आला की पूर्ण भरा, मग तो पगार तेवढा तोकडा, मग पुढच्या ३ तारखेला परत तेच. एकदा का पगाराच्या आधीचा पगार खायची सवय लागली की शीट काही करू शकत नाही. घ्यायचंच असेल तर बचत गटातून घ्या, व्याज गटातच राहते. आणि कोणतंही कर्जाचं ॲप फोनबुक, फोटो, कॉलची यादी मागत असेल तं तिथेच काढून टाका, सप्टेंबर २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांना ते मागताच येत नाही. शीटमध्ये सुद्धा खाते नंबर, पिन, पासवर्ड लिहायचा नाही, आणि शेअर करताना फक्त ताईंच्या जीमेलला करा, लिंक असलेल्या कोणालाही दिसेल असं करू नका.

ताईंचे पैसे वेगळे धरा. आशांना केंद्राचं वेगळं, राज्याचं वेगळं, कामानुसार मोबदला वेगळा, असं तुकड्यातुकड्यांत येते आणि तारीख कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे ते पैसे खात्यात दिसेपर्यंत शीटमध्ये आवक म्हणून लिहायचेच नाहीत. पीएम किसानचे दोन हजार आणि नमो शेतकरीचे दोन हजार पण तसेच, वर्षात तीन-तीनदा येतात हे खरं पण कोणत्या आठवड्यात ते सांगता येत नाही. आले की मग त्यांना काम द्या. आणि एक पाहून घ्या, सरकारी पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुकात नाही दिसले म्हणजे आलेच नाहीत असं नाही, कुठंतरी जुन्या खात्यात पडलेले असतात. असे पैसे सापडलेली माणसं मी पाहिली आहेत.

या बेभरवशाच्या पैशाला माझ्या मते सुरुवातीला एकच काम द्यावं, पगाराच्या पुढे जायचं. म्हणजे काय, तर ताईंचे, शिलाईचे जे येतील ते खर्चात न घालता साठवून आधी एक हप्ता, मग वाण्याची उधारी, असं करत करत एक पूर्ण पगार खात्यात उभा राहिला पाहिजे. तो उभा राहिला की ८ जुलैचा पगार तुम्ही ऑगस्टमध्ये खर्च करता आणि मग कंत्राटदार ७ ला देवो की १२ ला, तुमचा बाजार थांबत नाही. त्या दिवसानंतर महिन्याचं साधं बजेटही चालते. याला वर्ष लागू शकते, दोनही लागतील, कापसाचा सीझन चांगला गेला तर एका दमात होते.

वावर. इथं सगळ्यांची गाडी फसते म्हणून जरा सविस्तर. नोकरीवाल्याच्या घरात वावराचा हिशेब वडिलांच्या डोक्यात आणि पैसा पोराच्या पगारात, असं असते. जूनमध्ये बी-खत, त्याच जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं-गणवेश, सगळं एकाच पगारावर. २०२५ च्या खरिपात बीटी कापसाच्या पाकिटाची किंमत ९०१ रुपये ठरवून दिलेली होती, दोन एकर पऱ्हाटीला चार पाकिटं धरली तर ३,६०४, डीएपी खताची एक पिशवी १,३५०, युरिया २६६.५०, वर फवारणी आणि निंदणाची मजुरी. पगार १९,६००. हे पगारातून होतच नाही, आणि तरी लोक पगारातून करतात, मग घराचं देणं उधारीवर ढकलतात.

तर शीटमध्ये दुसरं पान उघडा, नाव "वावर". पगारातून वावरात जे काही जाते ते तिथे "घराकडून उसने" म्हणून लिहायचं. हजार रुपयाचं औषध घेतलं, वेचाईच्या बायांची मजुरी बाजाराच्या दिवशी द्यायची होती म्हणून तुम्ही दोन हजार दिले, सगळं लिहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर विशेष पहा, सोयाबीन काढणी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी, मजुरी रोख लागते आणि माल अजून विकलेला नसते, त्या दोन पगारांवर सगळ्यात जास्त ताण असते, वर दिवाळी. दिवाळीचा बोनस मिळत असेल तर तो वेगळी आवक म्हणून लिहा, पगारात मिसळू नका. मग चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आला की त्यातून घराचे उसने परत. वडिलांना सुरुवातीला हे विचित्र वाटेल, घरातल्या घरात काय उसने-पासने, पण एक सीझन लिहिलं की कळते पऱ्हाटी खरंच किती देऊन गेली. बऱ्याच घरांत आकडा पाहून पुढच्या साली पीक बदललेलं आहे.

चुकारा यायच्या आधी शीटमध्ये भाव लिहू नका. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० ठरला म्हणून वीस क्विंटल गुणिले ८,११० करून मोकळं व्हायचं नाही. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्याच्या वर कापत जाते आणि १२ च्या वर घेतच नाही. त्या सालापासून कपास किसान ॲपवर नोंदणी पण करावी लागते, मग स्लॉट, मग पैसे आधार जोडलेल्या खात्यात. घाई असली की माणूस खेड्यातल्या व्यापाऱ्याला कमी भावात रोख देऊन मोकळा होते, आणि ती घाई बहुतेक वेळा ५ तारखेच्या हप्त्याचीच असते. दर क्विंटलमागे पाचशे-हजार सोडले तं तो हप्ता किती महाग पडला ते मोजा.

चुकाऱ्यातून पीक कर्जाचे पैसे आधी बाजूला काढा. गावच्या सेवा सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्यावर येते, मुदत चुकली की सवलत गेली. तुमच्या कर्जाची नेमकी शेवटची तारीख सोसायटीच्या गटसचिवाकडून विचारून शीटमध्ये लाल रंगात टाका. मग पुढच्या जूनचं बी-खत आणि शाळेचे पैसे, मग उसने परत, मग वर सांगितलेला उभा पगार. उरलंच तं सोनं-नाणं, पंखा-कूलर काय ते.

जूनसाठी, पोळ्यासाठी, दिवाळीसाठी दर पगारातून थोडे बाजूला पडत राहावे म्हणून पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, चांगली, शंभर रुपयांपासून होते, सध्या ६.७ टक्के व्याज आहे. एक बारकी गोष्ट पोस्टात कोणी आपणहून सांगत नाही: खातं १ ते १५ तारखेच्या मध्ये उघडलं तर दर महिन्याचा भरणा १५ च्या आत करावा लागते, १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुदत मिळते. तुमचा पगार १२ पर्यंत लांबतो, तुम्ही १६ नंतरच उघडा. पण आरडी पाच वर्षांची असते, त्यामुळे दरवर्षी लागणारा जूनचा पैसा त्यात अडकवू नका, तो साध्या दुसऱ्या खात्यात, आणि मोठ्या कामाचा आरडीत.

रोज किती लिहायचं, हेही विचारलं आहे तुम्ही. चहा-नाश्त्याचे दहा-वीस लिहू नका, पंधरा दिवसांत कंटाळून शीट बंद पडते. बीसी पॉइंटवरून, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडून, बाजाराचे ७०० काढले की तेवढी एकच ओळ, "बाजार, ७००, दिले". थैलीत काय आलं त्याच्याशी शीटला घेणं नाही. फक्त थैलीतले पैसे संपले म्हणून दुसऱ्यांदा काढले तर ती ओळ लिहायलाच पाहिजे. आठवड्यातून एकदा, बाजारातून आल्यावर दोघांनी दहा मिनिटं बसून "बाकी" असलेल्या ओळी पहायच्या आणि खात्यातला बॅलन्स शीटमधलं उरलेलं अधिक या "बाकी" ओळी अशा बेरजेशी मिळवायचा. शंभर-दोनशेचा फरक असला तर "इतर" लिहून पुढे चला, शोधत बसू नका. हजाराचा असला तर मात्र शोधा, तो बहुतेक यूपीआयवरून गेलेला असते आणि हिस्टरीत सापडते.

पगार पडला त्या दिवशीच पुढच्या पगारापर्यंतच्या सगळ्या ओळी टाकून घ्यायच्या, हे एक काम चुकवू नका. दुसऱ्या दिवशी बसू म्हटलं की तोवर तीन हजार निघून गेलेले असतात आणि मग उरलेल्यांचं वाटप होते. वाण्याकडे जायच्या आधी बसा.

शेवटचं, बाबांना शीटवर घ्यायचं का असं विचारलं. घेऊ नका, त्यांना मोबाईलवर भरायला लावलं तर ना ते भरतील ना तुमचं भांडण थांबेल. तुम्हीच विचारून "वावर" पानावर टाका. पण एक मात्र या आठवड्यात करा, कृषी केंद्रात स्वतः जाऊन त्यांच्या नावावर किती उधारी आहे ती पावत्यांवरून बेरीज करून आणा, व्याज किती लावतात तेही विचारा. तुमच्या प्रश्नात वाण्याची उधारी होती, गाडी होती, गट होता, हा आकडा कुठंच नव्हता, आणि तो घरात बहुतेक कोणालाच नेमका माहीत नसते.